बद्द आवाजाची गिटार

हे तुमसरच्या लिलाधरच्या घरी घडलं. लिलाधर माझ्या चांगल्या ओळखीचा, त्याच्याच तोंडून ऐकलंय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो.

गेल्या वर्षीची सतरा नोव्हेंबर, सोमवार. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रांचे दिवस. लिलाधर ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. आता एक भारीतली घ्यायचीच म्हणून सकाळच्या गाडीने नागपूरला गेला. दुकानदार एकेक काढून देत होता आणि हा तार छेडायच्या आधी बोटाच्या पेराने लाकूड ठोकत होता. जुनी खोड. आधी तो खाणीत होता, सळईने छत ठोकून पाहायचं काम. छत खणखणलं तर पक्कं, बद्द वाजलं तर सैल. पाच गिटार खणखणीत निघाल्या, पण त्याचं मन भरेना. सहावी आतून पोकळ होती, बद्द वाजली. तिची जाड तार छेडली आणि आवाज थेट छातीत उतरला. असा आवाज मंडईत कुणाकडेच नव्हता. हीच द्या, म्हणाला.

रात्रीचे सव्वाअकरा. बायको ज्योत्सना माहेरी, बपेऱ्याला. दहा वर्षांची खुशी आतल्या खोलीत झोपलेली. बाहेरच्या खोलीत त्याने हलकेच तार छेडली. हा आवाज त्याने आधी ऐकला होता.

सहा वर्षांपूर्वी खाणीत छत अगदी असंच वाजलं होतं. छत कसं आहे, असं जोडीदार परसरामनं विचारलं. लिलाधरला कार्यक्रमाला पळायचं होतं. पक्कं आहे, म्हणाला. परसराम आत गेला तो दगडाखालीच राहिला. वर चौकशीत हा सांगून मोकळा झाला, मी नको म्हटलं होतं, तो पिऊन घुसला. तेव्हापासून परसरामची कुंताबाई दारुड्याची बायको म्हणून मान खाली घालून जगत होती. मला तर हे ऐकून लिलाधरचाच राग आला.

असो. त्याने तारेवर तळहात दाबला. आवाज थांबेना. तो वरून येत होता. स्लॅबमधून.

टक... टक... बद्द.

"लिल्या... छत कसं आहे बे?"

त्याने गिटार बाजूला ठेवली.

ठोके सरकले. दारावरून... भिंतीवरून... आतल्या खोलीवर. खुशीच्या बरोबर वर थांबले.

"पक्कं आहे ना? मंग झोपू दे पोरीले."

लिलाधर धावला. पोरीला उचललं. अंगणात आणलं.

"बद्द आहे... परसराम, बद्द आहे. तू पिऊन नव्हता. मीच खोटा बोललो."

...

काही नाही. नुसती रात्र.

उजाडताच तो कुंताबाईच्या दारात गेला आणि चार माणसांसमोर सगळं कबूल केलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माफी मले नोका मागू, भाऊ. त्यायले मागा," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

घरी येऊन त्याने आधी खुशीच्या खोलीचं छत पाहिलं. तिथं काही नव्हतं. मधल्या खोलीत त्याच्या स्वतःच्या खाटेच्या वर मात्र खडूची फुली होती. सैल छताखाली कुणी जाऊ नये म्हणून खाणीत मारतात, तशी. त्याने खाट बाहेरच्या खोलीत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या जागेचं छत कोरं होतं. फुली बाहेरच्या खोलीत आली होती, बरोबर खाटेच्या वर.