न सरणारी बाटली

बाळाबाई सकाळपासून अंगणातल्या पायरीवर बसून होती. फौजदार येईपर्यंत तिथून हलायचं नाही, असं शेखर ढमालेनं तिला बजावलं होतं. आळही काही लहानसहान नव्हता. शेखरच्या आईच्या, सगुणाबाईंच्या, देखभालीला ती होती, आणि त्यांनाच ती हळूहळू विष घालत होती म्हणे.

नलिनी कानिटकर आणि तिचा भाचा निरंजन लवळ्याला पोचले तेव्हा पत्रे नुसते तापले होते. नलिनी पुण्यात खासगी तपासाची कामं घेई. निरंजन गाडी चालवी, आणि मावशीला जागेवर कळलेलं त्याला बहुधा घरी परतताना कळे. फौजदाराला कळवण्याआधी पुरावा पक्का करून द्या, म्हणून शेखरनंच त्यांना बोलावलं होतं. वरच्या मजल्यांवर कॉलेजची मुलं भाड्यानं राहायची, खाली हे कुटुंब.

आत सगुणाबाई गोधडी पांघरून बसल्या होत्या. फाल्गुनातल्या त्या दुपारी निरंजनचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि म्हातारी कुडकुडत होती. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, बोलता बोलता डोळा लागे. निरंजन मावशीकडे वळला.

"मावशी, आधी दवाखान्यात नेऊ या. विषाचा तपास मागून कर."

"नेऊच. पण तिथं सांगणार काय? चुकीचं सांगितलं तर डॉक्टर भलतंच शोधत बसतील. तू गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेव."

निरंजननं गाडी वळवली खरी, पण परत आला तो जीव मुठीत धरूनच. म्हातारीची मान पुन्हा कलली होती, आणि मावशी मात्र शेखरचं बोलणं शांतपणे ऐकत होती.

शेखरचं म्हणणं मोठं बिनतोड होतं. भाद्रपदात आईला हिंजवडीकडच्या एका दवाखान्यात दाखवलं. गळ्यातल्या ग्रंथीचं काम मंदावलंय म्हणून गोळ्यांची मोठी बाटली मिळाली. औषध घेतलंस का, असं तो आईला रोज विचारी, आणि सांगितलंय तसं घेतेय, असं ती रोज सांगे.

"आणि बाटली सरतच न्हाई, ताई. फाल्गुन आला तरी अर्ध्याच्या वर भरलेली. मग कुणीतरी तीत दुसऱ्या गोळ्या भरतंय, न्हाईतर काय?"

शिवाय नवरात्रात बाळाबाई भातकापणीला तिच्या वाडीवर गेली होती. त्या दिवसांत आई चांगली हिंडूफिरू लागली. दिवाळीनंतर बाळाबाई परतली आणि आईनं अंथरूण धरलं. शेखरनं मोबाइल पुढे केला. पडद्यावर पांढऱ्या कोटातला एक माणूस, ना नाव ना गाव, छातीठोकपणे सांगत होता की अंगाला सूज, थंडी, विसराळूपणा आणि झापड ही धोतऱ्याच्या विषाची लक्षणं आहेत, आणि दवाखान्यात ती कधीच पकडली जात नाहीत. म्हणून तर शेखरनं आईला पुन्हा दवाखान्यात नेलंच नव्हतं. निरंजनला तो माणूस अगदी पटला. बाळाबाईकडे बघायचंही त्याला धाडस होईना.

सून रेश्मा जरा बिचकतच बोलली. दवाखान्यात ती औषधांच्या रांगेत उभी होती, डॉक्टरीणबाईंशी बोलल्या त्या सासूबाई एकट्याच. त्यांना ऐकायला कमी येतं, आणि डॉक्टरीणबाई शहरातल्या, भराभर बोलणाऱ्या. पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, पण नवरात्रानंतर सासूबाई बऱ्या दिसल्या म्हणून राहून गेलं. "गोळी घेतात हो त्या. गेल्या एकादशीला मी खिचडी करत होते, तेव्हा माझ्यादेखत घेतली."

बाळाबाई वर मान करून बघेना. खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "मी आयला न्हाऊ घालते, जेवू घालते. गोळीला मी शिवत न्हाई. ती उपासाच्या डब्यात असती. त्या डब्याला आय कुनाला हात लावू देत न्हाई."

नलिनीनं फडताळ उघडून डबा पाहिला. भगर, साबुदाणा, शेंगदाणे, आणि त्यांच्यात गोळ्यांची बाटली. मग ती सगुणाबाईंजवळ बसली आणि सकाळी उठल्यावर काय काय करता, म्हणून विचारत राहिली. चूळ भरते, देवाला हात जोडते, अनशापोटी तांब्याभर कोमट पाणी पिते, असं त्यांनी अडखळत सांगितलं. निरंजनला वाटलं, मावशी आता आंघोळ कधी करता तेही विचारणार. म्हातारीचा जीव जातोय आणि हिचं आपलं चाललंय!

नलिनी उठली. बाळाबाईला तिनं आत बोलावलं. शेखर काही म्हणणार, तोच नलिनी बोलू लागली.

"शेखरराव, बाटली सरत नाही याला विषच कशाला हवं? रोज कुणी गोळी खात नसेल तरी ती सरणार नाही. पण आई खोटं बोलत नाहीत, रेश्मानं डोळ्यांनी पाहिलंय. मग गोळी घेतात, पण रोज घेत नाहीत. कधी घेतात? रेश्मानं पाहिलं ती एकादशी. बऱ्या झाल्या ते नवरात्र, म्हणजे नऊ दिवस ओळीनं उपास. बाळाबाई तेव्हा इथं नव्हती हा नुसता योगायोग. आणि बाटली कुठं? उपासाच्या डब्यात."

"त्याचा काय संबंध?" शेखरनं विचारलं.

"ही गोळी रोज सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची असते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या असतील, उपाशीपोटी घ्या. तुमच्या मावळात त्याला अनशापोटी म्हणतात, आताच आई म्हणाल्या. कमी ऐकू येणाऱ्या बाईला उपाशी म्हटलं तर ऐकू काय आलं असेल?"

नलिनी सगुणाबाईंच्या कानाशी वाकली. "आई, आज गोळी घेतली?"

सगुणाबाईंनी सुजलेले डोळे उघडले. "आज? आज बुधवार न्हवं? आज कुटं उपास हाय मला?"

रेश्मानं तोंडाला पदर लावला. शेखरनं घाईनं डब्यातली बाटली उचलली आणि तळहातावर गोळ्या ओतू लागला. नलिनीनं त्याचा हात धरला. "राहिलेल्या गोळ्या एकदम द्यायच्या नसतात, जिवावर बेतेल. आता काय करायचं ते डॉक्टरच सांगतील. मोबाइलवरच्या त्या माणसाला तुम्ही इतके दिवस ऐकलंत. गोळी केव्हा घेतेस, एवढं आईला विचारलं असतंत तर ही वेळ आली नसती."

शेखरनं घराला कुलूप लावलं. निरंजननं मागचं दार उघडून धरलं. सगुणाबाई मात्र गाडीत बसेनात. बाळा कुटं हाय, बाळा आली तर मी येते, एवढाच हेका. बाळाबाई बिनबोलता त्यांच्याशेजारी बसली आणि त्यांचे गार पाय मांडीवर घेऊन चोळू लागली.

सगुणाबाईंनी पाणी मागितलं. पाण्याची बाटली बाळाबाईच्या पायाशीच होती, पण तिनं हात लावला नाही.

"माझ्या हातचं चालंल का, ते दादाला इचारा," ती म्हणाली.

पुढच्या सीटवरून शेखर वळला. बाटली उचलून त्यानं झाकण काढलं, आणि आईला न देता बाळाबाईच्या हातात दिली. निरंजननं गाडी सुरू केली.