दुधीला कान

१९८४ साली अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये दुधी मिळणं म्हणजे लॉटरी लागण्यासारखं होतं. ओहायोतल्या त्या गावात मका मिळे, हॅलोविनचे भोपळे मिळत, दुधी नाही. म्हणून शेजारच्या कुंपणावर पाच दुधी लटकलेले दिसले, तेव्हा माझी बायको सुमेधा सगळी भीडभाड गुंडाळून ठेवून त्या घराची बेल वाजवून आली. येताना एक दुधी आणि एक ओळख घेऊन आली.

ओळख खामफनकाकांची. लाओसमधून निर्वासित म्हणून आलेले, सत्तरीचे, एके काळी लुआंग प्रबांगच्या शाळेत इतिहास शिकवणारे. माझ्या ‘श्रीरंग’चा त्यांनी ‘सीलांग’ करून टाकला. मलाही तो आवडला.

आमची चार वर्षांची दीपा नागपुरात झोपेतसुद्धा बडबडायची. जानेवारीत विमानातून उतरली आणि तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. आठ महिने एक शब्द नाही. हसणंसुद्धा बिनआवाजाचं. कान उत्तम, घसा उत्तम. वाट बघा, असं डॉक्टर म्हणाले. सुमेधा बाथरूमचा नळ सोडून रडायची. मी रडत नव्हतो, पण पोरीला इथं आणून आपणच मुकं केलं, हे मला रोज खात होतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारी खामफनकाका वेलावरचा शेवटचा दुधी घेऊन आले. बारशाचं बाळ धरावं तसा दोन्ही हातांत. गळ्याशी निमुळता, खाली घागरीएवढा, तरी नख रुतेल इतका कोवळा.

“हलवाच करते,” सुमेधा म्हणाली. “फ्रिजमध्ये रिकोटा चीज आहे, खव्याऐवजी चालेल. पण पहिली सुरी तू लाव.”

“का?”

“अख्खा कोहळा बाईनं फोडायचा नाही.”

“अगं, हा दुधी आहे.”

“एवढा मोठा झाला की कोहळाच! आर्ग्यू करू नकोस यार.”

मी हसत सुरी उचलली. तेवढ्यात दीपा खुर्चीवर चढली आणि तिनं दुधीला कान लावला. मग खुदकन हसली. आवाज करून.

सुमेधाच्या हातातली किसणी खाली पडली. मी सुरी खाली ठेवली.

खामफनकाकांना मात्र नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांच्या तुटक इंग्रजीत त्यांनी मला विचारलं, “सीलांग, कापायच्या आधी तू ऐकलंस का?”

मी कान लावला.

मी कॉम्प्रेसरच्या कारखान्यात आवाज तपासायचं काम करत होतो. आवाज आला म्हणजे कुठंतरी काहीतरी हलतंय, एवढ्या एका तत्त्वावर माझं पोट चालायचं. दुधीतून गलका येत होता. शब्द कळत नव्हते, पण मधल्या सुट्टीतली शाळा लांबून ऐकू यावी तसा. मी फ्रिजची वायर काढली. पंखा बंद केला. दुधी टेबलावरून उचलून जाड टॉवेलवर ठेवला. पुन्हा कान लावला.

गलका वाढला होता.

“पुस्तकात लिहिलंय,” काका म्हणाले, “की आम्ही लाओ लोक उत्तरेकडून आलो, नद्यांच्या काठाकाठानं. वर्गात मी तेच शिकवायचो. माझी आजी म्हणायची, त्याच्याही आधी भोपळा होता. आतून गोंगाट ऐकू आला. एकानं तापलेल्या सळईनं भोक पाडलं, तशी माणसं बाहेर यायला लागली. तीन दिवस येत होती.”

“मग खरं काय?”

“दोन्ही. सुरी नको.”

मी, मेकॅनिकल इंजिनियर, मुकाट्यानं गॅसवर स्क्रू-ड्रायव्हर तापवला.

साल चर्रकन जळली. पाणी भरलेल्या घड्याचं झाकण निघावं तसा गार वारा माझ्या मनगटाला लागला.

गलका थांबला.

“आले!” दीपा म्हणाली.

आणि मग बोलतच सुटली. आई, बाबा, भूक, माझी लाल चप्पल कुठंय, आज्जीला फोन करा! सुमेधा तिला छातीशी धरून हसत रडत होती. मी भर स्वयंपाकघरात नाचलो. काकांनी खिशातून पांढरा दोरा काढून आमच्या तिघांच्या मनगटांना बांधला आणि ते लाओ भाषेत आशीर्वादाचं काहीतरी गुणगुणले. असा आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही.

दुधी कापला. आत पांढरा गर आणि बिया, दुसरं काय असणार! सुमेधानं सगळा किसला, तुपावर परतला, वेलदोडे घातले. उन्हं असतानाच आम्ही खायला बसलो. मी तीन वाट्या हाणल्या.

काकांनी वाटीला हात लावला नव्हता. दीपानंही नाही.

“खा ना, बेटा,” मी म्हणालो.

“बाबा,” ती म्हणाली, “पण सगळे अजून बाहेर आले कुठं होते?”

सुमेधाचा चमचा थांबला.

दीपा खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली आणि तिनं माझ्या पोटाला कान लावला.

मग ती खुदकन हसली.