टेकडीचा चढ आणि एक फडकं

टेकडीच्या चढावर तिची गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मागच्या पिकअपने हॉर्न वाजवला नाही. त्यातून एक तरुण उतरला आणि भुरभुर पावसात शांतपणे तिच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

"वाजवा ना हॉर्न! तेवढंच राहिलंय," तिने काच खाली करता करता भांडणाची तयारी केली.

"हॉर्न ऐकून ती चढणार असेल तर वाजवतो."

तिला हसू येत होतं, पण तिने ते मोठ्या कष्टाने दाबलं. त्याच्या पापण्यांवर थेंब अडकले होते… हे आपल्या लक्षात का यावं, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

"तुम्ही कोण?"

"खालच्या वळणावर माझं गॅरेज आहे. आणि तुम्ही माझी वाट अडवलीय—म्हणजे ओळख झालीच की!"

गाडी तिच्या मावशीची, बारा वर्षांची. टेकडीवरच्या दवाखान्यात रक्त तपासणीची जागा निघाली होती. नमुने घ्यायला सकाळी आठला हजर राहायचं आणि पहिली बस पोचायची साडेनऊला. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "महिन्याभराने, पहिल्या सोमवारी आठ वाजता दारात दिसलात तर जागा तुमची. नाहीतर दुसरीला बोलावते." घरी दादाने तर निकालच लावला होता. गाडी भंगारात काढायची आणि हिने त्याच्या दुकानात बसायचं. दादाच्या दुकानात जन्म काढायची तिची मुळीच तयारी नव्हती.

"नवं इंजिन मला परवडणार नाही," गॅरेजमध्ये तिने बजावलं. "आहे तेच चढलं पाहिजे. आणि पान्हा मी धरणार. तुम्ही फक्त सांगायचं."

त्याने तिला नखशिखान्त न्याहाळलं. "विमान नाही होणार या गाडीचं. पण मोकळा श्वास घ्यायला लागली, तर चढेल."

मग प्रत्येक रविवारी ती बाह्या सरसावून हजर. एअर फिल्टर काढला तर त्यात बागेला पुरेल एवढी माती. ऑइल काळंकुट्ट. टायरमध्ये हवा कमी, आणि डिकीत मावशीच्या दोन कुंड्या, एक लोखंडी खुर्ची आणि मासिकांचं अख्खं पोतं. एवढं ओझं वाहून कुणाचाही जीव मेटाकुटीला येईल, असं तो म्हणाला.

नवे स्पार्क प्लग बसवताना तो अगदी जवळ वाकला. "आधी हाताने फिरवा. मग पान्ह्याने… जरासंच. प्लग आहे, कुणाचा गळा नाही."

"दादाचा नाही, म्हणून तर हळू चाललंय!"

तो इतका हसला, की हातातला प्लग पडला.

त्याची एक शिस्त होती. कामाला फडकं घेतलं, की भिंतीवर खडूने एक रेघ. काम संपलं, की फडकी मोजायची आणि मगच रेघा पुसायच्या. "इंजिनात विसरलेलं फडकं म्हणजे पेशंटच्या पोटात विसरलेली कात्री," तो तिला समजेल अशा भाषेत सांगायचा.

चौथ्या रविवारी गाडी न थांबता चढली. दुसऱ्या गिअरमध्ये, कुरकुर न करता, आणि शेवटच्या वळणानंतर चक्क तिसऱ्यात! माथ्यावर तिने गाडी थांबवली. काम संपलं होतं, आणि त्याचं वाईट वाटतंय हे तिला कबूल करावंच लागलं… निदान मनात.

"शनिवारी एकदा आणा," तो घाईघाईने म्हणाला. "थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, पुन्हा पुसून घेऊ. म्हणजे… खात्री असलेली बरी."

शनिवारी तो पुसत होता आणि ती वहिनीची नक्कल करून दाखवत होती. गाडी खालच्या सपाट रस्त्यावर छान पळाली. भिंतीवर एक रेघ तशीच राहिली, हे दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.

सोमवारी सव्वासातला, अर्ध्या चढावर, गाडीचा दम संपला.

ॲक्सिलरेटर दाबला तरी ती पुढे सरकेना. त्याला फोन करावा, तर सोमवारी सकाळी तो सामान आणायला शहरात गेलेला. तिने हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला आणि बॉनेट उघडलं. रडायचंच असेल तर आठनंतर, असं तिने स्वतःला दटावलं.

इंजिन अडखळत नव्हतं, म्हणजे प्लग ठीक. पेट्रोल कालच भरलेलं. उरली हवा. फिल्टर तर स्वच्छ होता. तिने इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाची पट्टी स्क्रू ड्रायव्हरने सैल केली, आत बोटं घातली… आणि हाताला कापड लागलं.

आठला चार मिनिटं कमी असताना ती दवाखान्याच्या दारात उभी होती. कोपरापर्यंत काळी. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं, तिचे हात पाहिले आणि साबण कुठे आहे ते सांगितलं.

दुपारी तिने ते फडकं गॅरेजच्या टेबलावर आपटलं. त्याने भिंतीवरची रेघ पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"माझी नोकरी गेली असती!"

"हो." त्याने मान खाली घातली. "नऊ वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं."

"मग परवाच कसं झालं?"

"तुम्ही हसत होता… आणि मी बघत बसलो. आणि खरं सांगू? थ्रॉटल पुसायची गरजच नव्हती. गाडी रविवारीच ठणठणीत झाली होती. तुम्ही पुन्हा येणार नाही, म्हणून… माझा जीव जडलाय तुमच्यावर."

तिचा राग कुठल्या कुठे गेला, पण तिने तो चेहऱ्यावर आणखी थोडा टिकवला.

"यापुढे भेटायचं असेल, तर सरळ सांगायचं. गाडीला मध्ये घालायचं नाही. समजलं?"

"समजलं."

"आणि अहो-जाहो पुरे आता." ती दारापर्यंत गेली आणि वळली. कानशिलं तापली होती, तरी तिने नजर चुकवली नाही. "मलाही तू आवडतोस. रविवारी येते मी… चालत."