पिल्लांच्या पुढे

तापमान मोजणारे सेन्सर खरं बोलतात की नाही, हे तपासणं माझं काम. त्यामुळे माझ्या नवऱ्याने, शुभंकरने, अंडी उबवायचं छोटं यंत्र घरी आणलं तेव्हा मी आधी त्याचा थर्मोस्टॅट उघडून बसले. अर्ध्या अंशाची चूक होती. ती काढली, पाण्याची तबकडी भरली, आणि मगच अंडी आत ठेवू दिली.

व्हाइटफील्डमधल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली रिकामीच होती. एक कपाट, माझं ऑफिसचं टेबल, आणि मेट्रोचे खांब दिसणारी खिडकी. अंडी खालच्या मजल्यावरच्या पद्माकर अण्णांनी दिली. त्यांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. त्यांची बहीण सुप्रीता होसकोट्याजवळ शेत आणि कोंबड्या सांभाळते.

"नाटी अंडी हं ही, गावठी," अण्णा म्हणाले. "रोज फिरवत जावा. नाहीतर पिल्लू आत एका अंगाला चिकटतंय. मग सरी होत नाही, नीट वाढत नाही."

आम्ही फिरवत गेलो. खोलीत अंधार करून अंडं टॉर्चवर धरलं की लाल शिरांचं जाळं दिसायचं आणि त्यात डोळ्याचा काळा ठिपका. पुण्यातलं घर सोडून आल्यापासून आम्ही दोघांनी मिळून केलेली ही पहिलीच गोष्ट होती. शुभंकर ऑफिसमधून आला की बूट न काढता थेट त्या खोलीत जायचा.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत अंड्यांच्या आतून चिवचिव ऐकू यायला लागली. तसं होतं, मी वाचलं होतं. पण मी खोलीत पाऊल टाकलं की ती थांबायची. मी बाहेर गेले की पुन्हा सुरू. शुभंकर तासभर शेजारी बसला तरी फरक पडायचा नाही.

"तुला घाबरतात," तो हसून म्हणाला.

पिल्लू कवचातून बाहेर आल्यावर जे पहिल्यांदा हलताना दिसतं त्यालाच आई समजतं आणि त्याच्यामागे चालतं. म्हणून दोघांनी रजा टाकायची ठरवली होती. पण अंडी लवकर फुटली. आम्ही दोघंही ऑफिसात होतो, घराला कुलूप होतं. संध्याकाळी परत आलो तर पिल्लं कोरडी, फुगलेली, उभी. अंडी एकाच वेळी फुटत नाहीत, मागंपुढं होतात. ही एकदमच फुटली होती. आणि सगळी यंत्राच्या काचेला चिकटून एकाच बाजूला बघत होती. कपाट आणि खिडकीच्या मधल्या कोपऱ्याकडे. तिथे भिंत होती फक्त.

एक अंडं मागे राहिलं होतं. नुसती चीर पडलेली. त्याचं कवच मी ओल्या कापडाने हलकेच सोडवलं. ते पिल्लू माझ्या तळहातावर बाहेर आलं, आणि तेवढं एकच माझं झालं.

बाकीची माझी नव्हती. शुभंकरचीही नव्हती. त्यांना खोक्यातून जमिनीवर सोडलं की ती रांग धरायची. चार पावलं चालायची, थांबायची, मान वाकडी करून वर बघायची. मग पुन्हा चालायला लागायची. रांगेच्या पुढे काही नसायचं.

मी सगळं तपासलं. एसीचा झोत, उन्हाची तिरीप, फरशीचं तापमान, लिफ्टच्या मोटरचा आवाज. कपाट सरकवलं. एकही आकडा वेगळा आला नाही. पिल्लं तोवर जेवणघरात पोचली होती आणि एका खुर्चीभोवती गोल करून शांत बसली होती.

"कुठल्या खुर्चीभोवती बसायचं हे कसं ठरवतात गं?" शुभंकरने विचारलं.

"वास असेल कशाचा तरी."

"हं." त्यानंतर तो त्या खुर्चीवर बसला नाही. मीही नाही.

एका सकाळी मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. रांग स्वयंपाकघराच्या दारात आली आणि थांबली. मी वळून "चला, पळा" म्हटलं. एकही पिल्लू मागे सरलं नाही. ती एकेक पाऊल पुढे आली, माझ्या पायांपर्यंत. वर बघत होती, पण माझ्याकडे नाही. माझं पिल्लू माझ्या ओढणीत शिरून थरथरायला लागलं. माझी पाठ ओट्याला टेकली होती. मानेवर गार वाटलं, मागे तवा तापलेला असताना. पोळी करपली तरी मला वळता येईना. मग रांग वळली आणि निघून गेली.

शुभंकरला सांगितलं.

"तू त्यांना हाकलतेस," तो म्हणाला. "त्यांना कळतं ते."

"त्यांना की कुणाला?"

तो उठून गेला.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, मी मागच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होते. दार बंद होतं. पिल्लं जमिनीवर होती आणि माझं पिल्लू टेबलाखाली, माझ्या पायाशी. बोलता बोलता जाणवलं, की ते पायाशी नाही. खोलीच्या मध्यावर बारीकसा आवाज झाला. पापड मोडावा तसा.

ते फरशीवर सपाट झालं होतं. पाय पडल्यासारखं. इतर पिल्लं त्याच्याभोवती गोल उभी होती, एक चिवचिव नाही, सगळ्यांच्या माना वर.

शुभंकर घरी आला, वाकला आणि पाहिलं. मग माझ्या चपलांकडे पाहिलं.

"चुकून पडला असेल पाय."

"मी खुर्चीवरून उठलेच नव्हते, शुभंकर."

"मग कुणाचा पडला?"

त्याने चपला उलट्या करून त्यांचे तळ पाहिले. स्वच्छ होते. तरीही त्या रात्री तो बाहेर सोफ्यावर झोपला.

दुसऱ्या दिवशी मी खोका उचलून अण्णांच्या दारात गेले.

"ही परत घ्या अण्णा. आम्हाला नाही जमत."

त्यांनी खोक्यात पाहिलं. पिल्लं जिन्याकडे तोंड करून आक्रोश करत होती. खोका फिरवला तरी ती उलटी वळून जिन्याकडेच बघायची.

"काही झालं काय?"

"काही नाही."

"सरी," अण्णा म्हणाले आणि पुढे विचारलं नाही.

घर शांत झालं. मी खोली धुतली, यंत्र खोक्यात भरलं. फक्त एक सवय मला नवीन लागली होती. खोलीत शिरण्याआधी मी उंबऱ्यावर थांबायचे. पिल्लं होती तोवर, ती ज्याच्यामागे चालायची ते कुठे आहे हे दिसत तरी होतं. हे मी शुभंकरला कधी बोलले नाही. त्यालाही दारांत थांबताना मी पाहिलं होतं.

दोनेक महिन्यांनी अण्णा म्हणाले, "तुमची पिल्लं काय मस्त झालीत! सुप्रीताच्या मागं मागं फिरतात, दाणे टाकले की भांडतात. बघून या की एकदा. तिची कॉफी पण स्वल्प प्या."

मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं. साध्या कोंबड्या होत्या तर. आमच्याच घरात काहीतरी असणार. ओल, वायरिंग, काहीही. रविवारी आम्ही निघालो. होसकोट्याचा रस्ता मोकळा होता. खूप दिवसांनी शुभंकरने गाडी चालवताना माझा हात धरला.

निलगिरीच्या ओळीपलीकडे शेत होतं. कोंबड्या रागीच्या पेंढ्यात विखुरल्या होत्या, माती उकरत होत्या. सुप्रीता दारातून हात हलवत होती. शुभंकरने इंजिन बंद केलं.

उकरणं थांबलं.

एकेक मान वर आली. मग त्या धावत आल्या, पंख पसरून, एकमेकींना ढकलत. आमच्याकडे नाही. गाडीच्या मागच्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"अय्यो, माझ्यामागं पण अशा धावत नाहीत," सुप्रीता लांबून हसत म्हणाली. "ओळखलं बघा तुम्हाला."

शुभंकर उतरला होता. त्याने तिच्यासाठी आणलेली फळांची पिशवी मागच्या सीटवर होती. मी "नको" म्हणेपर्यंत त्याने मागचं दार उघडलं.

कोंबड्या दोन्ही बाजूंना सरल्या. मध्ये वाट सोडली. मग ती वाट मिटली आणि त्यांची रांग लागली. रांग गाडीच्या मागून वळसा घालून निघाली. चार पावलं, थांबणं, पुन्हा चार पावलं.

मी माझं दार आतून लॉक केलं. काच वर केली.

रांग माझ्या दाराशी येऊन थांबली. कोंबडी वर बघते तेव्हा मान तिरकी करते, एक डोळा आभाळाकडे लावते. सगळ्यांच्या माना तशाच तिरक्या होत्या. गाडीच्या टपाच्याही वर कुठेतरी बघत होत्या.

मग त्या माना हळूहळू सरळ व्हायला लागल्या. सगळ्यांच्या एकदम. नजर टपावरून उतरली, काचेच्या वरच्या कडेशी आली, आणखी खाली आली. कुणीतरी सावकाश वाकावं, तशी.

माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर ती थांबली.