स्थळ पाहताना घाई करू नये

महेंद्रचं लग्न मिरजेत झालं. मी गेले होते. हॉलला पांढरे पडदे होते, बुद्धवंदना झाली, सगळे उभे राहिले, मीही राहिले. जिलबी गरम होती, मठ्ठ्यात आलं जास्त होतं. नवरीनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुम्ही साताऱ्याच्या झाडवाल्या ताई ना?" मी म्हटलं, हो.

आता हे काहीही घडलेलं नाही असं समजू. महेंद्र कोण, मला माहीत नाही. मिरज कुठल्या दिशेला आहे तेही मला सांगता यायचं नाही. मी साताऱ्यात, कोंडीबाच्या रद्दीच्या दुकानासमोर उभी आहे, आणि माझ्या पिशवीत एक वड आहे.

वड सोसायटीच्या हळदीकुंकवात मिळाला. लकी ड्रॉचं पहिलं बक्षीस मिक्सर होतं. ते वरच्या मजल्यावरच्या काकूंना लागलं, ज्यांच्याकडे दोन मिक्सर आहेत. दुसरं बक्षीस मला. म्हणजे बोन्सायचा वड. त्यानंतरच्या वटपौर्णिमेला सोसायटीतल्या सगळ्या बायका सूत घेऊन आमच्या हॉलमध्ये आल्या, कारण खाली उन्हात कोण जाणार! टीपॉयभोवती फेऱ्या झाल्या. सूत झाडापेक्षा मोठं झालं. वरच्या काकू दमून म्हणाल्या, "एवढ्याशा झाडाला सात जन्म कशाला गं? दोन पुरे." हळदीचं पाणी, दूध, तांदूळ असं सगळं पोटात गेल्यावर वडानं पानं गाळायला सुरुवात केली. नर्सरीवाल्यानं बघितलं आणि नुसती मान हलवली. तिथूनच मी परत येत होते.

कोंडीबाच्या ढिगातून एक कव्हर नसलेलं पुस्तक डोकावत होतं. उघड्या पानावर छापलं होतं : 'वड कुंडीत आपण होऊन मरत नाही. त्याला मारावे लागते, व ते बहुतेकांना जमते.'

मी हात घातला. त्याच क्षणी पलीकडून दुसरा हात आला. नखांत वंगण, मनगटावर तांब्याच्या तारेचं वेटोळं.

"माझं आहे," मी म्हटलं.

"आवं, मी आधी धरलंय."

"तुम्ही शेवटाकडून धरलंय. पुस्तक सुरुवातीपासून धरतात."

तो माझ्याकडे डोळे बारीक करून बघायला लागला. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते, त्यामुळे मला वाटलं, उजव्या डोळ्याला असेल अर्धा नंबर. पुढे एकदा मी त्याचे डोळे रीतसर तपासले. नंबर नव्हता. तो तसाच बघत होता.

"तुम्हाला कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"पिंपळ हाय माझा. दुकानाच्या पन्हाळीत उगवलाय. आई म्हणती, तोडायचा न्हाई. घरमालक म्हणतो, वाढू द्यायचा न्हाई. आता मधलं काय करायचं, ते ह्यातच असणार."

त्याचं सांगलीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, आतली तार काढून नवी भरायची. साताऱ्याला तो कुणाची तरी मोटर पोचवायला आला होता. नाव महेंद्र. हे सगळं त्यानं पुस्तक न सोडता सांगितलं. मीही विनोदिनी हे नाव पुस्तक न सोडताच सांगितलं.

"भांडू नका गड्या," कोंडीबा म्हणाला, आणि आमच्या दोघांच्या हातातून पुस्तक घेऊन गुडघ्यावर ठेवून त्यानं ते मधोमध फाडलं. दोन्ही तुकडे तराजूच्या दोन पारड्यांत टाकले. "हे बघा. काटा मधी हाय का न्हाई? आन् लोक म्हणत्यात, दुनियेत न्याव न्हाई."

पुढचा अर्धा भाग मला आला. माती, कुंडी, पाणी, मुळांची छाटणी आणि अनुक्रमणिका. मागचा अर्धा त्याला. तार, वळण, स्थळ, रोग. म्हणजे पुस्तकात काय काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि ते त्याच्याकडे होतं.

दुसरी प्रत शोधली, नाही असं नाही. पुस्तक सांगलीतच कधीतरी छापलं होतं. तो छापखाना आता मोबाईलची कव्हरं विकतो. वाचनालयातल्या बाईंनी 'आवृत्ती संपली' असं इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला दोन मिनिटं उभं राहावंसं वाटलं. राहिले इंटरनेटवरचे व्हिडिओ. त्यात एक गोरा माणूस मेपलच्या झाडाला बर्फातून घरात आणत होता. आमच्या लेखकाला, जो कव्हरबरोबर गेला आणि ज्याचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, हे सगळं आधीच माहीत होतं. त्यानं लिहिलं होतं : 'परदेशी पुस्तकांत मार्चमध्ये वसंत येतो. आपल्याकडे मार्चमध्ये टँकर येतो. झाडाने कोणते पुस्तक वाचले आहे ते आधी पाहावे.' माती म्हणून तो कृष्णाकाठचा गाळ आणि जुन्या कौलांचा चुरा सांगायचा. पाण्याबद्दल म्हणायचा, 'भर उन्हात झाडाची दया आल्यास ती संध्याकाळपर्यंत आवरून धरावी.' मी आवरून धरली. पंधरवड्यात वडाला तांबूस टोक फुटलं.

पण वडाची एक फांदी भलतीकडे चालली होती आणि तारेचं प्रकरण सांगलीत होतं. त्याचा पिंपळ पन्हाळीतून कुंडीत आला होता, पण मुळं कुंडीबाहेर आली होती आणि छाटणी साताऱ्यात होती. म्हणून आम्ही मध्ये भेटायचं ठरवलं. कऱ्हाडला, एसटी स्टँडवर. पुस्तकाचे दोन तुकडे शेजारी ठेवायचे, चहा मागवायचा आणि आळीपाळीनं वाचायचं.

फोनमध्ये कॅमेरा असतो, पानांचा फोटो काढून पाठवता येतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते कोणीच बोललं नाही. पुढच्या रविवारी परत कऱ्हाड.

वडाला त्यानंच तार गुंडाळली. फांदीखाली अंगठा ठेवून, श्वास धरून, अगदी सावकाश... माझंही श्वास घ्यायचं राहून गेलं.

"असं काय बघतीस?" 'अहो'वरून 'अगं'वर आम्ही नेमके कधी आलो ते माझ्या लक्षात नाही.

"तुझे हात बघते. ग्राहकांचे फक्त डोळे बघायला मिळतात."

"हाताला बी नंबर असतो काय?"

"तुझ्या आहे. लांबचं धरता येत नाही."

त्यानं तार सोडली, माझ्या हाताजवळ हात ठेवला. जवळ. हातावर नाही. बाहेर परतीचा पाऊस गाड्यांच्या टपांवर वाजत होता. "जवळचं बी अवघडच हाय," तो म्हणाला, आणि लगेच चहा मागवला.

त्याच दिवशी आम्ही 'स्थळ' हे प्रकरण वाचलं. म्हणजे झाड कुठं ठेवायचं. मी ते वरच्या काकूंच्या आवाजात वाचलं, कारण ते दुसऱ्या कुठल्या आवाजात वाचताच येत नव्हतं : 'स्थळ पाहताना घाई करू नये. पूर्वेकडचे असल्यास उत्तम. दुपारी तापणारे स्थळ टाळावे. एकदा ठरल्यावर वारंवार बदलू नये, झाड रुसते.'

महेंद्र इतका हसला की शेजारच्या बाकावरचे आजोबा गाडी लागली समजून उठले.

तेव्हापासून आमच्यात स्थळ म्हणजे झाडाची जागा. सकाळी मेसेज यायचा, 'पिंपळाचं आजचं स्थळ तापलंय.' मी लिहायची, 'वडाचं स्थळ शांत आहे, फक्त शेजारी मिक्सर आहे.' त्याच्या गच्चीवर पश्चिमेचं ऊन होतं, म्हणून पिंपळासाठी तो नवीन स्थळ शोधत होता. मावशीच्या मिरजेच्या घराला पूर्वेची गॅलरी होती. तेही एक स्थळ होतं.

मग एक दिवस आईनं विचारलं, "दर रविवारी कऱ्हाडला काय असतं गं?"

"पुस्तकाचा अर्धा भाग."

"आडनाव काय त्याचं?"

"पुस्तकाचं? कव्हर नाहीये आई."

"विनू."

मी आडनाव सांगितलं. आई चहा गाळत होती. गाळायची थांबली नाही. कपात चहा पडायचा बंद झाला तरी तिनं गाळणं तसंच धरून ठेवलं, थेंब थेंब बघत. मग म्हणाली, "हुशार असतात हल्ली त्यांच्यातलीही मुलं." आणि टीव्ही लावला.

हे मी पुढच्या रविवारी महेंद्रला सांगितलं. गाळणं कसं धरलं, ते चमच्यानं करून दाखवलं. आवाज काढला. मला वाटलं, हसला की मोकळं होईल, मग बोलता येईल... तो हसला. थोडासाच. मग आपल्या तुकड्यातलं रोगांचं प्रकरण उघडून मावा किडीविषयी वाचायला लागला.

माघातल्या एका मंगळवारी दुपारी दुकानात एक आजी अक्षरं ओळखत होत्या. फोन वाजला. महेंद्रचा मेसेज. 'घरचे म्हणतात, उन्हाळ्याच्या आत स्थळ ठरवून टाक. मिरजेतलं बघितलंय. चांगलं हाय. तुझं काय म्हणणं?'

मी आजींना म्हटलं, एक मिनिट हं. आणि लिहिलं, 'पूर्वेकडचं आहे ना? मग ठरवून टाक. एवढा काय विचार करतोस! नाही मानवलं तर पुढच्या वर्षी हलवता येईल.'

तो लिहितोय असं दिसलं. मग दिसेना. मग परत दिसलं. आजी म्हणाल्या, "खालची ओळ काय मला लागत न्हाई बाळ." मी काच बदलली.

उत्तर आलं : 'बरं.'

मी अंगठा पाठवला.

त्यानंतरचे रविवार त्याला जमले नाहीत. मोटरींचा सीझन होता. फाल्गुनात एकदाचा आला. पुस्तकाचा त्याचा तुकडा त्यानं नीट कागदात बांधून आणला होता, आणि तो माझ्यापुढं सरकवला.

"हे तुझ्याकडंच ठेव. आख्खं होऊ दे."

"आणि पिंपळ? मिरजेत रुळला का?"

"पिंपळ सांगलीत हाय. गच्चीवर."

"मग मिरजेचं स्थळ?"

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे बारीक न करता.

"बी.एड. झालीया," तो म्हणाला.

स्टँडवर त्या वेळी कुठली तरी गाडी लागत होती, तिची घोषणा चालली होती. मी ती पूर्ण ऐकली. विट्याला जाणारी होती.

"महेंद्र, मी झाडाबद्दल बोलत होते."

"मी न्हवतो."

"सरळ विचारता येत नव्हतं? मराठीत?"

"मराठीतच इचारलं की. म्हटलं, ती म्हणंल, थांब. एवढंच म्हणाली आसतीस, थांब, तरी..." तो थांबला. "तू लिहिलंस, पुढच्या वर्षी हलवता येईल. मी दोन येळा वाचलं. म्हटलं, ही चेष्टा करती का सल्ला देती?"

"तुला माहीत होतं मला काय वाटतं ते."

"कसं माहीत असणार? आईनं गाळणं धरलं, ते तू नाटक करून दाखवलंस. आमच्या घरात हे कुणी हसून सांगत न्हाई, विनू. मला वाटलं, हसत हसत न्हाई म्हणतीया. सभ्य हाय, म्हणून हसती."

मला वाटायचं, हसत हसत मी हो म्हणतेय. हे मी तिथं बोलले का? बोलले. पण फार हळू, आणि विट्याच्या गाडीनं हॉर्न दिला.

"काय?"

"काही नाही. मोडता येणार नाही का?"

"साखरपुडा झालाय. तिनं काय केलंय? तिला जाऊन काय सांगू, झाडाबद्दल गैरसमज झाला म्हणून?" त्यानं चहाचा कप उचलला. रिकामा होता, तरी प्यायला. "ती चांगली हाय. तिला पिंपळ आवडला."

मग तो सांगलीच्या गाडीत बसला. खिडकीशी जागा मिळाली होती. त्यानं काच वर करायचा प्रयत्न केला, ती अडकली. मोटर उघडणाऱ्या माणसाला खिडकीची काच उघडता आली नाही. काचेतून तो काहीतरी बोलला. ओठांवरून शब्द ओळखणं माझ्या कामात येत नाही.

पुस्तक मी शिवून घेतलं. ते आता आख्खं आहे, आणि साताऱ्यात बहुधा एकच आहे. मेढ्याहून एक निवृत्त तलाठी येऊन उंबराचं प्रकरण उतरवून घेऊन गेले. नर्सरीवाला, ज्यानं मान हलवली होती, त्यानं सगळ्या पुस्तकाची झेरॉक्स मागितली. मी दिली. लोकांची झाडं जगतायत. माझा वड तर असा फोफावलाय की वरच्या काकू परत सात जन्मांवर आल्यात. कुठल्याही पानावर चूक नाही. मी 'स्थळ' प्रकरण दहा वेळा तपासलं, भिंग लावून तपासलं. लेखकानं सगळं बरोबर लिहिलंय. तेव्हा तक्रार पुस्तकाविरुद्ध करता येत नाही. म्हणून खालीलप्रमाणे.

प्रति,
मा. सचिव,
मराठी शब्दांचे अर्थ जिथे ठरतात ते कार्यालय.

विषय : 'स्थळ' या शब्दाचा एक अर्थ रद्द करण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, 'स्थळ' या शब्दाचे सध्या दोन अर्थ प्रचलित असून त्यामुळे नागरिकांची गैरसोय होत आहे. तरी 'लग्नासाठी पाहिलेली व्यक्ती' हा अर्थ तात्काळ रद्द करण्यात यावा, व तो गेल्या माघातील त्या मंगळवारी दुपारपासूनच रद्द होता असे समजण्यात यावे. तसे झाल्यास त्या दिवशी अर्जदारास आलेला प्रश्न केवळ झाडाविषयी होता असे आपोआप ठरेल, आणि सांगली येथील संबंधित इसमास त्याचा दुसरा प्रश्न नव्याने, साध्या शब्दांत विचारणे भाग पडेल. अर्जदाराचे उत्तर तयार आहे. प्रश्न येताच ते विनाविलंब, न हसता सादर करण्यात येईल.

कळावे,
अर्जदार
विनोदिनी, सातारा.