पहिलीच खेप

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सगळे समोर नुसतं ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘थांबूबाई’. बाळंतपणाच्या खोलीत त्यांच्या तोंडून निघणारा पहिला शब्द ‘थांबू या’ हाच असे. कळा मंद आहेत? थांबू या. नातेवाईक दाराशी घिरट्या घालताहेत? घालू देत, थांबू या. भूलवाले डॉक्टर तर म्हणत, या बाईंच्या भरवशावर राहिलो तर मी भूल द्यायची कशी तेच विसरून जाईन. बाई हसून सोडून देत. पण त्या हसण्यामागे एक हट्ट होता. पहिलटकरणीच्या गर्भपिशवीवर एकदा चीर पडली की तिची पुढची प्रत्येक खेप त्या व्रणाच्या काळजीनेच सुरू होते. तो पहिला व्रण होता होईल तो आपल्या हातून नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी बाई फेरीला वर गेल्या तेव्हा अकरा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं, नुकतीच फरशी पुसलेली होती आणि सगळीकडे फिनेलचा वास होता. खोलीत एकच पेशंट होती. तेवीस-चोवीसची मुलगी, अंगाने बारीक, बोलायला कमी. सोबत सासू; नवरा खाली थांबलेला. सासूबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि दवाखान्यातला एकही कागद न वाचता सोडायच्या नाहीत. केसपेपरवर ‘कितवी खेप’ याच्यापुढे कोणीतरी ‘पहीली’ लिहिलं होतं, तर त्यांनी पेन्सिलीने त्यातली वेलांटी दुरुस्त करून ठेवली होती.

“हल्ली पहिलटकरणींची सरसकट सिझर करतात, असं ऐकते मी,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणून मुद्दाम तुमच्याकडे आणली हो हिला.”

“सरसकट कोणी करत नाही. पण होतात खरी पुष्कळ,” बाई म्हणाल्या. “बाळ छान आहे, हीही छान आहे. आपण थांबू या.”

“मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात,” मुलगी म्हणाली.

ती तक्रार करत नव्हती. आज ऊन फार आहे, असं म्हणावं तितक्या सहज ती बोलली होती. बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

“मागच्या वेळी म्हणजे तपासणीला,” सासूबाईंनी परस्पर खुलासा केला. “पहिलीच खेप आहे ना, भांबावलीय. पाणी पी गं जरा.”

दुपारी एकपर्यंत सगळं ठाकठीक चाललं होतं. मग मोठ्या सिस्टर खाली येऊन म्हणाल्या, “बाई, जरा वर चला. कळ गेली तरी तिचं दुखणं जात नाहीये.” या सिस्टर गेली वीस वर्षं बाईंच्या हाताखाली होत्या आणि उगाच बोलवायच्या नाहीत. बाई जिना चढून गेल्या.

“कुठे दुखतंय, दाखव बघू.”

मुलीने बोट ओटीपोटावर ठेवलं आणि उजवीकडून डावीकडे एक आडवी रेघ ओढली. सिझरची चीर जिथे देतात, बरोबर तिथे.

“इथे. या रेघेत. फाटल्यासारखं होतं.”

बाईंनी त्या जागी हलकेच दाबलं तशी ती कळवळली. आधी सिझर झालेली पेशंट असती, तर एवढ्यावरच तिला धावत ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं असतं. जुना व्रण उसवायला लागला की असंच दुखतं. पण इथे व्रण होताच कुठे? पोट अगदी कोरं होतं. बाईंनी दिव्याखाली पुन्हा पाहिलं, सिस्टरांनाही पाहायला लावलं. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

दुपारची वेळ, त्यामुळे खालची वर्दळ थांबली होती. बाळाच्या ठोक्यांचं मशीन तेवढं टकटकत होतं. आणि खोलीत ओल्या लोखंडाचा वास होता. हा वास बाईंच्या चांगल्या ओळखीचा, पण तो थिएटरमधला, पोट उघडल्यानंतरचा. इथे अजून रक्ताचा थेंब पडला नव्हता.

“बाई…” मुलगी अगदी हळू म्हणाली, “मागच्या वेळी थांबलात… या वेळी नका ना थांबू.”

तेवढ्यात मशीनची टकटक मंदावली. मंदावली, लांबली… आणि पुन्हा वेग धरून चालू लागली. भीती वाटली म्हणून चीर द्यायची नाही, हे त्या नव्या डॉक्टरांना शिकवत आलेल्या. आज त्यांना स्वतःलाच भीती वाटत होती आणि त्या भीतीला कागदावर लिहिण्याजोगं धड कारण नव्हतं.

“थिएटर तयार करा,” त्या म्हणाल्या.

सासूबाईंचा चेहरा उतरला. संमतीचा कागद त्यांनी डोळ्यांजवळ धरून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. “वाचन नंतर! आधी हिच्या नवऱ्याला सही करू दे!” बाई ओरडल्या. थांबूबाईंचा चढलेला आवाज त्या इमारतीने पहिल्यांदाच ऐकला असेल. नवऱ्याने सही केली.

पाठीत इंजेक्शन देऊन भूलवाल्यांनी कमरेखालचं अंग बधिर केलं. मुलगी जागीच होती. छातीपाशी हिरवं कापड आडवं बांधलेलं, त्याच्या अलीकडे बाई आणि सिस्टर, पलीकडे तिचा चेहरा. कातडीवर चीर पडली. आतला पहिला थर कोवळा, स्वच्छ होता. मग मात्र बाईंचे हात मंदावले. लघवीची पिशवी वर ओढून चिकटलेली होती, दुसऱ्या-तिसऱ्या सिझरला असते तशी. ती त्यांनी बेताबेताने सोडवली. खाली गर्भाशय दिसू लागलं.

त्यावर व्रण होता. आडवा, जुना, पांढरट. मधोमध तो इतका विरला होता की नुसता काचेसारखा पापुद्रा उरलेला, आणि त्यातून बाळाचे काळेभोर केस दिसत होते. अजून चार-पाच कळा आल्या असत्या तर… बाईंनी पुढचा विचार केला नाही.

सिस्टर वाकल्या. व्रणाच्या डाव्या टोकाला टाक्याची शेवटची खूण तिरकी गेली होती.

“बाई,” त्या कुजबुजल्या, “असा तिरका टाका… मी फक्त तुमच्याच हातचा पाहिलाय.”

ही मुलगी त्यांच्या टेबलावर याआधी कधीच आली नव्हती, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. आणि टाका त्यांचाच होता, हेही तितकंच पक्कं.

कापडापलीकडून शांत आवाज आला, “सापडलं ना, बाई?”

मिनिटाभरात बाळ बाहेर आलं. मुलगी होती. तिने पहिल्या श्वासालाच असा टाहो फोडला की भूलवाले डॉक्टर हसले. बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी गर्भाशय शिवलं. शेवटचा टाका तिरका जाऊ नये म्हणून मुद्दाम जपलं, तरी तो तिरकाच गेला.

खरी पंचाईत पुढे होती. घरी जाताना द्यायच्या कार्डावर काय लिहायचं? ‘जुना व्रण’ हे दोन शब्द लिहिले की सासूबाई ते चष्मा लावून वाचणार. पहिल्या खेपेला जुना व्रण कसा, हे विचारणार. सून कुठेतरी एक मूल लपवून आपल्या घरात आली, असं त्या घराला वाटलं तर या पोरीचा संसार उभ्याचा आडवा होईल. आणि नाही लिहिलं, तर दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या कुठल्यातरी दवाखान्यात कोणीतरी निवांतपणे ‘थांबू या’ म्हणेल.

आधी तिलाच विचारावं म्हणून बाई खोलीत गेल्या. ती उशीवर मान टाकून पडली होती, कुशीत बाळ होतं.

“एक विचारते. या खोलीबाहेर जायचं नाही,” बाई म्हणाल्या. “याआधी कधी… दिवस गेले होते का तुला?”

मुलगी गोंधळली. “मला? नाही हो बाई. पहिलीच खेप ही.”

“मग मागच्या वेळी, मागच्या वेळी म्हणत होतीस ते?”

“मी असं म्हणाले?” तिच्या चेहऱ्यावर निखळ आश्चर्य होतं. बाईंनी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलणाऱ्या बायका पाहिल्या होत्या. ही खोटं बोलत नव्हती.

त्यांनी खुर्ची ओढून तिथेच कार्ड लिहिलं. ‘गर्भाशयाचा खालचा भाग अतिशय पातळ. पुढच्या खेपेला कळा येऊ देऊ नयेत, आधीच सिझर करावं.’ यात खोटं काही नव्हतं आणि पोरीला बाधेल असंही काही नव्हतं. बाईंना हलकं वाटलं. कार्ड घेऊन त्या बाहेर आल्या.

बाहेर लांबलचक बाक होता, रिकामा. सासूबाई त्याच्या अगदी टोकाला, पडतील की काय इतक्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी कार्ड घेतलं, दोनदा वाचलं, आणि मान डोलावली.

“अक्षर सुरेख आहे हो तुमचं,” त्या म्हणाल्या. “उगाच बोलले मी सिझरवरून. मनावर घेऊ नका. दोघी सुखरूप आहेत, आणखी काय हवं? आता थोरलीला आत नेऊ का? सकाळपासून शहाण्यासारखी बसलीय बिचारी, बहीण बघायची म्हणून.”

“थोरली?” बाईंनी रिकाम्या बाकाकडे पाहिलं. “अहो… पहिलीच खेप ना ही?”

सासूबाईंनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं. “दमलात हो तुम्ही. घोटभर चहा घ्या.”

मग त्या उठल्या, किंचित वाकल्या, आणि उजव्या हाताचं एक बोट बाजूला, कमरेखाली धरलं. त्या बोटाला कोणीतरी धरावं तसं ते जरासं खाली ओढलं गेलं. सासूबाई छोटी छोटी पावलं टाकत आत गेल्या. दार लोटलं गेलं.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. आतून बाळंतिणीचा आवाज आला, थकलेला, हसरा.

“अगं हळू, हळू. खाटेवर चढू नकोस… आईचे टाके ओले आहेत अजून.”