अबू सुवैलिमचा गुलाबी झगा

"माणसाचा खरा चेहरा त्याच्या देशातल्या पक्ष्यांच्या रंगांत दडलेला असतो, आणि तो बाहेर काढण्यासाठीच माझा जन्म आहे!"

अशी घोषणा जुरयिसने मादबा गावातल्या आपल्या स्टुडिओत केली. समोर स्टुलावर पासपोर्टच्या फोटोसाठी बसलेला गवंडी बराच वेळ दगडासारखा ऐकत होता. शेवटी तो दबक्या आवाजात म्हणाला, "उस्ताद, आता पापणी मिटली तर चालेल का?"

चाळीस वर्षं नवरदेवांच्या कॉलरी सरळ केल्यावर जुरयिसला अम्मानच्या एका प्रदर्शनात पाच चित्रांची जागा मिळाली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी फोटोवाला न म्हणता कलावंत म्हणणार होतं. चार तसबिरी तयार होत्या. शिंजीर पक्ष्याच्या झळाळत्या निळ्यात एक लोहार, खंड्याच्या रंगात एक कोळीण, आणि अशीच आणखी दोन माणसं. पाचवी राहिली होती ती डोंगरातल्या गुलाबी चिमण्याची. हा पक्षी दक्षिणेच्या लाल कड्यांत राहतो, आणि त्यात गुलाबी असतो तो नर. मादी मातकट. म्हणजे तसबिरीत गुलाबी झगा घालायला बाप्या हवा, आणि तोही त्याच डोंगरातला, पिकल्या दाढीचा, तंबूत राहणारा भटका बदू!

असा बदू मिळणं अवघडच. अबू सुवैलिम हा त्याच डोंगरातला, जुरयिसचा वीस वर्षांपासूनचा वाटाड्या. तो झगा बघून आधी हसला, मग उंटाकडे बघत राहिला.

"बायकांचा रंग मी अंगावर चढवू?"

"पक्ष्यात हा नराचा रंग आहे, अबू सुवैलिम. मादी साधीच असते."

"मग मादीला अक्कल जास्त," म्हातारा म्हणाला. पण वीस वर्षांचं मीठ होतं. तो कबूल झाला, एका अटीवर. "अम्मानला काय लावायचं ते लाव. तिथं मला कोण ओळखतं? पण इथल्या एकाही माणसाने मला या सोंगात बघता कामा नये. माझी बहीण उम्म मितअब तर नाहीच नाही. तिने बघितलं तर माझ्या नातवंडांच्या लग्नात गाणं होईल त्याचं!"

म्हणून मोहीम निघाली ती अशा घळीकडे, जिथं अबू सुवैलिमच्या माणसांपैकी कुणीही जात नाही. का जात नाही? तिथं पाणी नाही म्हणून. लाजेपायी माणूस काय काय करतो, त्याचा हा एक मासला.

तिसरा गडी तलअत. एकोणीस वर्षं तो जुरयिसचा मदतनीस होता. जीप चालवायची, रिफ्लेक्टर धरायचा, कॅमेऱ्याची कार्डं जपायची. दिवसभर वाळू तुडवून जीप घळीच्या तोंडाशी पोचली तेव्हा त्याने सहज विचारलं, "उस्ताद, चित्राखाली नाव कुणाचं?"

"माझं. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं," तलअत म्हणाला आणि पाण्याचे कॅन मोजू लागला. जुरयिसला ते पुढे फार आठवलं.

पहाटे तिघे कड्यावर चढले. अबू सुवैलिमने आपला काळा झगा काढून तलअतच्या हाती दिला, गुलाबी चढवला आणि चेहरा असा केला, जणू दात उपटायला बसलाय. पुढ्यात भाकरीचा चुरा टाकला. सूर्य वर आला. कडे आधी तांबडे, मग केशरी, मग डाळिंबाच्या दाण्यासारखे उजळले. आणि चिवचिव! दगडाचाच एक तुकडा सुटावा तसा एक चिमणा खाली आला. कपाळावर चांदीची शिंपण, छाती गुलाबी! तो थेट म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर बसला. अबू सुवैलिम लाज विसरला. त्याने खाली बघितलं आणि नातू पहिल्यांदा मांडीवर घेतल्यासारखा चेहरा झाला त्याचा.

खट्!

मिळाली! पाचवी तसबीर मिळाली! जुरयिसने तलअतला मिठी मारली, कार्ड काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. "गाडीत नीट ठेव. आम्ही आणखी एक काढतो."

अर्ध्या तासाने खाली धूळ उडाली.

"तलअत गाडी सावलीत लावतोय," जुरयिस कौतुकाने म्हणाला. "शहाणा आहे."

ती सावली बरीच लांब असावी. जीप माशीएवढी झाली, ठिपक्याएवढी झाली आणि दिसेनाशी झाली. तिच्यासोबत पाणी गेलं, भाकरी गेली, कार्ड गेलं, आणि अबू सुवैलिमचा काळा झगाही गेला.

"येईल तो," जुरयिस म्हणाला.

"हो," अबू सुवैलिम म्हणाला. "तुझ्या प्रदर्शनाला."

ऊन चढत गेलं. जुरयिस दगडाला टेकून बसला. तहान लागली होती, पण मनात तलअतच होता. तलअतच्या लग्नाचे फोटो त्यानेच काढले होते. कार्ड हातावर ठेवलं तेव्हा पोराचे डोळे कुठे होते? आठवेना. चाळीस वर्षं लोकांचे चेहरे वाचणाऱ्याने एवढा एक चेहरा बघितलाच नव्हता!

"चाकांच्या मागाने चालू लागू," तो म्हणाला.

"दोन दिवसांची वाट. दुपारपर्यंत तू पडशील, संध्याकाळी मी. आणि लोकांना सापडेन तो या झग्यात!" म्हाताऱ्याच्या अंगावर काटा आला. "नाही. असं मरायचं नाही मला. हे बघ, किडे खाणाऱ्या पाखराला किड्यातला ओलावा पुरतो. दाणे खाणाऱ्याला रोज पाणी लागतं. तुझी चिमणी दाणे खाते ना?"

उन्हं कलली तेव्हा थवा उठला. खाली, सरळ, एकाच दिशेने! दोघे मागे धावले. आणि तिथं जुरयिसचा दिवसातला दुसरा घात झाला. ज्या रंगासाठी तो इथवर आला होता, तोच रंग लाल कड्यात विरघळून गेला. चिमणा दगडावर बसला की दगडच व्हायचा!

"नर दिसत नाहीत!" तो ओरडला.

"मादीवर नजर ठेव! मातकट उठून दिसतेय! सांगितलं नव्हतं, अक्कल तिलाच!"

मातकट ठिपका पुढे, दोन म्हातारे मागे. कपारीची धार अरुंद. खाली बघू नये अशी खोली. जुरयिसचा पाय सटकला! खडे घरंगळत गेले, बराच वेळ घरंगळत राहिले. अबू सुवैलिमने गुलाबी झग्याचा घोळ त्याच्याकडे फेकला. त्याने पकडला. शिवण उसवली, कापड टर्रकन फाटलं, पण तुटलं नाही!

"मजबूत शिवलाय," म्हातारा धापा टाकत म्हणाला. "निदान शिंपी तरी इमानी निघाला."

धारेच्या पलीकडे एक चीर होती आणि तिच्या तळाशी परातीएवढं पाणी. काठावर वीसेक चिमण्या. दोघे पालथे पडून, पाखरांची क्षमा मागून प्यायले.

सकाळी डोंगराची दुसरी बाजू उतरताना खाली काळा तंबू दिसला. शेजारी, डोंगराला वळसा घालून आलेली आणि वाळूत चाकं रुतलेली एक ओळखीची जीप होती. अबू सुवैलिम जागच्या जागी थांबला.

"हा तंबू उम्म मितअबचा. इकडे कधी हलली ही?"

"तुझ्या बहिणीचा? वाचलो की!"

"तू वाचलास." म्हातारा तांबड्या शिळेमागे बसला. "मी इथंच. मेलो तरी या रंगात तिच्यापुढे जाणार नाही. जा."

जुरयिस एकटाच आत शिरला. तंबूत पाचसहा शेजारी बसले होते आणि मधोमध उशीला टेकून तलअत भात खात होता. जुरयिसला बघून घास त्याच्या हातातच राहिला.

"उस्ताद! मी... मी यांना सांगणारच होतो, तुम्हाला आणायला—"

"जेवण झाल्यावर सांगणार असेल," उम्म मितअब म्हणाली. साठी ओलांडलेली, हनुवटीवर गोंदण, नजर चाकूची. "काल संध्याकाळपासून जेवतोय. आम्हाला सांगितलं, मी मोठा चित्रकार, एकटाच हिंडतो. गाडीतला कॅमेरा आणून माझ्या सांडणीचाही फोटो काढला. बस, पाहुण्या. तुझं तोंडच सांगतंय याने काय केलं ते. पण याने माझं मीठ खाल्लंय. तीन दिवस हा आमचा पाहुणा, तोवर याच्या केसालाही मी धक्का लावू देणार नाही."

"उस्ताद," तलअत हळूच म्हणाला, "एकोणीस वर्षं उजेड मी धरला. एकदा तरी खाली नाव घातलंत?"

जुरयिसने मनात चारही तसबिरी चाळल्या. चारींखाली नाव एकच होतं, त्याचं स्वतःचं.

उम्म मितअबने कडू कॉफीचा प्याला त्याच्या हाती दिला. जुरयिसने तो ओठांना लावला नाही. खाली सतरंजीवर ठेवला.

सगळे प्याल्याकडे बघू लागले. बदूंची रीत अशी, की भरला प्याला खाली ठेवणाऱ्या पाहुण्याचं मागणं घरच्यांनी पुरं करायचं, मगच त्याने प्यायचं. नाकारलं तर तंबूची अब्रू जाते. एका प्याल्याला एकच मागणं.

"माग," उम्म मितअब ताठ बसून म्हणाली. "जीप माग, शिक्षा माग. मीठ एकीकडे आणि प्याला एकीकडे, माझं मी बघते. हा कालपासून खिशात जपतोय ती चकती मागितलीस तर आत्ता देववते."

तलअतचा हात मुकाट शर्टाच्या खिशाकडे गेला. कार्डाचा काळा कोपरा बाहेर आला. त्यात चिमणा होता, गुडघा होता, म्हाताऱ्याचा तो चेहरा होता, जुरयिसचं नाव होतं. जुरयिसने कार्डाकडे बघितलं. मग तंबूच्या उघड्या बाजूने वर नजर गेली. तांबड्या शिळेच्या कडेला गुलाबी कापडाचा एक फाटका कोपरा हलत होता. माहीत नसलेल्याला तोही दगडच वाटला असता.

"बोल ना," उम्म मितअब म्हणाली. "कॉफी निवतेय."

"गाडीत एक काळा झगा असेल," जुरयिस म्हणाला. "तेवढा द्या. आणि कशाला, ते कुणी विचारू नका."